नियम सर्वांना, शिक्षा कोणाला?



प्रत्येक मोठ्या खेळात दोन प्रकारचे पंच असतात. एक मैदानावर उभा असतो. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे तो सांगतो आणि सगळे प्रेक्षक त्याचा निर्णय डोळ्यांनी पाहतात. दुसरा पंच मैदानावर दिसत नाही. तो खेळाच्या संस्थेत बसलेला असतो. संघातला मुलगा खरोखर त्या कॉलेजचा विद्यार्थी आहे का, त्याला संघात आणण्यासाठी कोणी गुपचूप पैसे दिले का, त्याच्या परीक्षेचे पेपर दुसऱ्याच कोणी लिहिले का, हे तो तपासतो. त्याचे काम बंद खोलीत चालते. म्हणूनच तो सर्वांना सारखा न्याय देतो का, याविषयी लोकांना नेहमी शंका असते.

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये ही शंका शंभर वर्षांहून जुनी आहे. आज आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी त्या देशात जातात आणि शनिवारी सगळे गाव स्टेडियमकडे कसे लोटते, याचे नवल घरी कळवतात. त्या गर्दीमागे पैसा किती आहे, नियम कोणते आहेत आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा कशी होते, हे या लेखात आम्ही थोडक्यात समजावून सांगणार आहोत. विषय परदेशातील असला तरी त्यातला प्रश्न आपल्या परिचयाचा आहे: नियम सर्वांना एकच असेल, तर शिक्षाही सर्वांना एकच हवी की नको?

हा फुटबॉल कोणता?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट अंड्याच्या आकाराचा. खेळाडू तो हातात घेऊन पळतात किंवा फेकतात, आणि समोरचे अकरा जण पळणाऱ्याला अंगाने अडवून खाली पाडतात. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. दोन कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला.

तेथे धंदेवाईक फुटबॉलची स्वतंत्र लीग आहे. पण शाळा संपल्यावर तीन वर्षे होईपर्यंत खेळाडूला त्या लीगमध्ये प्रवेश मिळत नाही. म्हणजे अठरा वर्षांचा हुशार खेळाडू असेल, तर त्याच्यापुढे बहुधा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे कॉलेजचा संघ. हे लक्षात ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या वादाचे मूळ यात आहे.

या खेळाला लोकाश्रय किती, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ प्रेक्षक बसू शकतात, आणि हे स्टेडियम शहराच्या क्रिकेट मंडळाचे किंवा सरकारचे नाही, एका विद्यापीठाचे आहे.

नियमांचा जन्म

सुरुवातीला हा खेळ फार रानटी होता. मैदानावर मुले दगावत असत. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. त्यातून १९०६ मध्ये कॉलेजांची एक संघटना उभी राहिली. १९१० पासून तिचे नाव नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन असे आहे. लेखात यापुढे आम्ही तिला नुसते ‘असोसिएशन’ म्हणू. ही सरकारी संस्था नाही. सभासद कॉलेजांनी स्वतःच स्थापन केलेली आणि स्वतःच चालवलेली ती संस्था आहे.

असोसिएशनचे मुख्य तत्त्व असे की कॉलेजचा खेळाडू हौशी असावा. त्याने खेळासाठी पैसे घेऊ नयेत. तत्त्व कागदावर सुंदर होते, पण जिंकण्याची हौस त्याहून मोठी होती. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने शंभराहून अधिक कॉलेजांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. खेळाडूंना छुपी मदत देण्याची पद्धत सर्वदूर पसरली असल्याचे त्यात दिसून आले.

१९४८ साली असोसिएशनने पहिल्यांदा दात असलेला नियम केला. लोक त्याला ‘सॅनिटी कोड’ म्हणत. खेळाडूला किती मदत द्यायची याला त्यात मर्यादा होती आणि नियम मोडणाऱ्याला एकच शिक्षा होती, ती म्हणजे संस्थेतून हकालपट्टी. सात कॉलेजांनी नियम मोडल्याचे समोर आले. १९५० मध्ये त्यांना काढून टाकण्याचा ठराव मतदानाला आला, पण लागणारी दोन तृतीयांश मते पडली नाहीत. मत देणाऱ्यांपैकी कित्येकांचे स्वतःचेच घर काचेचे होते. पुढच्याच वर्षी तो नियम रद्द झाला. शिक्षा इतकी कठोर असली की ती कोणी देऊच धजत नाही, तर ती नसल्यासारखीच, हा पहिला धडा असोसिएशनला तेव्हाच मिळाला.

१९५१ पासून वॉल्टर बायर्स हे संस्थेचे पहिले पूर्णवेळ प्रमुख झाले आणि १९८८ पर्यंत त्या जागी राहिले. त्यांच्याच काळात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ झाला. शब्द साधा वाटतो, पण त्याचा कायदेशीर उपयोग मोठा होता. १९५५ मध्ये कोलोरॅडो राज्यात एका कॉलेजच्या सामन्यात डोक्याला मार लागून रे डेनिसन नावाचा खेळाडू मरण पावला. कामावर असताना मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला मिळते तशी भरपाई त्याच्या पत्नीने मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू हा कॉलेजचा नोकर नाही, असे ठरले. पुढे याच बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, पुस्तक लिहून त्या व्यवस्थेवर कडक टीका केली आणि खेळाडूंचे शोषण होत असल्याचे सांगितले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

छडी एकाकडे, तिजोरी दुसऱ्याकडे

१९५६ पासून खेळाडूला शिष्यवृत्ती देण्यास मोकळीक मिळाली. फी, राहणे, जेवण, पुस्तके एवढे मिळायचे.  दरम्यान टेलिव्हिजन आला. सुरुवातीला कोणते सामने दाखवायचे आणि किती, हे असोसिएशन ठरवत असे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. तेव्हापासून विद्यापीठे आणि त्यांचे विभागीय गट (त्यांना तेथे कॉन्फरन्स म्हणतात) स्वतः करार करू लागले. २०२२ मध्ये ‘बिग टेन’ या एका गटाने सात वर्षांसाठी केलेला करार ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. असोसिएशनचे स्वतःचे बहुतेक उत्पन्न पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेतून येते. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमधला पैसा तिच्या तिजोरीत जातच नाही. तो कॉन्फरन्सकडे आणि विद्यापीठांकडे जातो. हंगामाअखेरची अजिंक्यपदाची फेरीसुद्धा कॉन्फरन्सच चालवतात. म्हणजे ज्यांना शिक्षा करायची त्यांच्या हातात तिजोरी, आणि ज्याने शिक्षा करायची त्याच्या हातात नुसती छडी. शिवाय ती छडीही सभासदांनीच दिलेली. फार जोरात मारली तर मोठी विद्यापीठे एकत्र येऊन वेगळी चूल मांडतील, ही भीती कायमची.

छडी अपुरी आहे ती आणखी एका कारणाने. असोसिएशन म्हणजे पोलीस नव्हे. साक्षीदाराला हजर राहा म्हणून हुकूम काढण्याचा किंवा बँकेची कागदपत्रे मागवण्याचा अधिकार तिला नाही. चौकशीत खोटे बोलणाऱ्या खेळाडूवर ती बंदी घालू शकते, पण पैसे देणारा धनिक बाहेरचा माणूस असेल, तर तो तोंड मिटून बसू शकतो. २०१३ मध्ये मायामी विद्यापीठाच्या चौकशीत याच अडचणीतून नवा घोटाळा झाला. दिवाळखोरीच्या एका वेगळ्या खटल्यात शपथेवर होणाऱ्या जबान्या आपल्याला मिळाव्यात म्हणून असोसिएशनच्या चौकशी अधिकाऱ्यांनी आरोप करणाऱ्याच्या वकिलालाच पैसे दिले होते. ही गोष्ट असोसिएशनला जाहीरपणे मान्य करावी लागली आणि चौकशी विभागाच्या प्रमुखाला पद सोडावे लागले.

एकदाच दिलेला ‘मृत्युदंड’

आता सर्वांत गाजलेले प्रकरण पाहू. टेक्सस राज्यात डॅलस येथे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी आहे. तसे लहान, खासगी विद्यापीठ. १९८० नंतर तिचा संघ देशातील उत्तम संघांत गणला जाऊ लागला. त्यामागे प्रशिक्षण होते, तसे शहरातील श्रीमंत देणगीदारांचे पैसेही होते. १९८५ मध्ये तिला शिक्षा झाली आणि पुन्हा असे करणार नाही असे ठरले. तरी पैसे देणे थांबले नाही. १९८५ ते १९८६ या काळात तेरा खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर एका देणगीदाराच्या निधीतून गेले. महिना ५० डॉलरपासून ७२५ डॉलरपर्यंत, ज्याची त्याची ठरलेली रक्कम.

पाच वर्षांत दुसऱ्यांदा मोठा गुन्हा केल्यास संघच बंद करण्याची तरतूद १९८५ मध्ये झाली होती. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी असोसिएशनने ती वापरली. १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. १९८८ मध्ये विद्यापीठाला संघ उभा करणेच शक्य नव्हते, म्हणून तो हंगाम त्याने स्वतःच सोडला. वर्तमानपत्रांनी या शिक्षेला ‘डेथ पेनल्टी’ हे नाव दिले.

खरा धक्का पुढच्याच महिन्यात बसला. टेक्ससचे नवे गव्हर्नर बिल क्लेमंट्स हे पूर्वी या विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. शिक्षा झाल्यानंतरही पैसे चालू ठेवण्याचा निर्णय मंडळातील काही जणांनी जाणूनबुजून घेतला होता आणि त्याला आपली संमती होती, असे त्यांनी मार्च १९८७ मध्ये सांगितले. ज्या मुलांना शब्द दिला आहे तो पाळावा आणि ती मुले शिकून बाहेर पडली की प्रकार आपोआप संपेल, असा त्यांचा हिशेब होता. संस्थेच्या विश्वस्तांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावे असे आम्हांला वाटते. चूक लपवताना माणूस किती सभ्य कारणे शोधतो, याचे हे उदाहरण आहे.

शिक्षेचा परिणाम फार खोल झाला. १९८९ मध्ये संघ परतला तेव्हा बहुतेक मुले नवशिकी होती. ह्यूस्टन विद्यापीठाने त्यांना ९५ विरुद्ध २१ असे हरवले. त्यापुढची वीस वर्षे, म्हणजे २००८ पर्यंत, हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले सामने अधिक असा एकच हंगाम या संघाच्या वाट्याला आला, तो १९९७ चा. तेव्हापासून आजपर्यंत कोणत्याही मोठ्या फुटबॉल संघाला ही शिक्षा पुन्हा दिलेली नाही. नियम पुस्तकात राहिला, हात मात्र धजला नाही.

लहानाला छडी, मोठ्याला मुभा?

त्या काळातील एक बास्केटबॉल प्रशिक्षक जेरी टार्केनियन थट्टेने म्हणत की असोसिएशन केंटकीसारख्या बड्या विद्यापीठावर चिडली, की ती क्लीव्हलंड स्टेटसारख्या लहान कॉलेजची शिक्षा वाढवते. टार्केनियन यांचे स्वतःचे असोसिएशनशी अनेक वर्षे वैर होते, त्यामुळे त्यांचे बोलणे थोडे सांभाळून घ्यावे. पण २०१० चा हंगाम पाहिला तर सामान्य प्रेक्षकालाही तशी शंका का येई हे समजते.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन या खेळाडूने आपली एक जर्सी १,००० डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बसवले गेले. त्याच वेळी त्याच्या क्रमांकाची जर्सी दुकानात उघडपणे विकली जात होती. त्या विक्रीतला वाटा विद्यापीठाला चाले. मुलाने स्वतःच्या अंगातली जर्सी विकली तर तो गुन्हा.

डिसेंबरमध्ये ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी आपल्या पदकाच्या अंगठ्या, जर्सी वगैरे वस्तू विकल्याचे आणि गोंदवून घेताना सवलत घेतल्याचे उघड झाले. त्यांना पुढच्या हंगामातले पाच सामने बसवायचे ठरले. पण दोनच आठवड्यांवर ‘शुगर बोल’ हा हंगामाअखेरचा मोठा, पैशाचा सामना होता. तो खेळण्यास त्यांना परवानगी मिळाली. नियमांची पुरेशी माहिती मुलांना दिली गेली नव्हती, असे कारण सांगण्यात आले. ग्रीनची शिक्षा लगेच, यांची नंतर. लोकांनी त्यातून काय अर्थ काढला असेल ते सांगायला नको. पुढे त्यांच्या प्रशिक्षकाला हे आधीच माहीत होते असे निघाले, त्याला राजीनामा द्यावा लागला आणि तो विजयही नोंदीतून काढून टाकला गेला. मोठ्याला शिक्षा झालीच नाही असे म्हणता येणार नाही. पण ती झाली तेव्हा तिकिटे विकली गेली होती आणि सामना दाखवून झाला होता.

त्याच महिन्यात ऑबर्न विद्यापीठाच्या कॅम न्यूटनचे प्रकरण आले. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे मुलाच्या प्रवेशासाठी पैसे मागितल्याचे असोसिएशनला आढळले. मुलाला एक दिवस अपात्र ठरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पात्र ठरवले गेले, कारण त्याला याची माहिती असल्याचा पुरावा नव्हता. तीनच दिवसांनी त्याच्या संघाचा मोठा सामना होता. वडिलांच्या वागण्याची शिक्षा मुलाला देऊ नये हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. अडचण इतकीच, की प्रत्येक मुलाच्या वाट्याला इतका झटपट आणि इतका उदार न्याय येत नसे.

आणि कधी नियमांचा कीस किती काढला जाई पाहा. २०१४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाने आपणहून कळवले की आमच्या तीन खेळाडूंनी पदवीच्या मेजवानीत नियमापेक्षा जास्त पास्ता खाल्ला. भरपाई म्हणून प्रत्येकाने ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय दिले. याच्या उलट नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी, त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू, नावापुरत्या वर्गांत गुण मिळवले होते. २०१७ मध्ये असोसिएशनने निर्णय दिला की हे वर्ग सर्व विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून खेळाडूंना खास सवलत दिल्याचा नियमभंग सिद्ध होत नाही. पास्त्याची भरपाई झाली, पण अठरा वर्षांच्या बनावट वर्गांसाठी विद्यापीठाच्या संघांवर काहीच कारवाई झाली नाही.

करणारे गेले, भोगणारे उरले

शिक्षेचा न्याय मोजताना आणखी एक प्रश्न येतो. चौकशीला वर्षे लागतात आणि कॉलेजचा खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातो.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रेजी बुश २००५ साली देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला हाइझमन करंडक मिळाला. पुढे कळले की कॉलेजात असताना त्याच्या कुटुंबाने बाहेरच्या लोकांकडून पैसे आणि राहायला घर घेतले होते. निर्णय लागला जून २०१० मध्ये. संघाला दोन वर्षे हंगामाअखेरच्या सामन्यांची बंदी आणि तीन वर्षांत मिळून ३० शिष्यवृत्त्या कमी. तेव्हा बुश धंदेवाईक लीगमध्ये खेळत होता. त्याचे कॉलेजचे प्रशिक्षक त्याच वर्षी जानेवारीत मोठ्या पगारावर धंदेवाईक संघाकडे गेले होते. शिक्षा भोगली ती गुन्हा घडला तेव्हा शाळेत असलेल्या मुलांनी, आणि ज्यांना त्या ३० शिष्यवृत्त्या मिळाल्या असत्या त्यांनी.

टेलिव्हिजनवरील बंदीचेही असेच झाले. १९९३ मध्ये ऑबर्नचा संघ अकराच्या अकरा सामने जिंकला, पण शिक्षेमुळे त्याचा एकही सामना टेलिव्हिजनवर दिसला नाही. एक संघ पडद्यावरून गेला की त्याच्यासमोर खेळणारा निर्दोष संघही जातो, आणि त्याच्याबरोबर उत्पन्नही. पुढे ही शिक्षा वापरातून गेली. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण याच निमित्ताने सर्वांना झोंबणारी शिक्षाही गेली.

न्यायालयाने पाया हलवला

खेळाडूला काही द्यायचे नाही हा नियम टिकला तो सर्व सोवळे आहेत या समजुतीवर. पैसा वाढला तशी ती समजूत हास्यास्पद होत गेली. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑल्स्टन’ खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल असोसिएशनच्या विरोधात दिला. शिक्षणाशी संबंधित लाभांवरची तिची बंधने बेकायदा ठरली. असोसिएशनच्या अध्यक्षांचे वेतन वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर आणि काही फुटबॉल प्रशिक्षकांचे १ कोटी १० लाखांच्या घरात असल्याची नोंद त्या निकालपत्रातच आहे. मुलाने हजार डॉलर घेतले तर गुन्हा, आणि त्याला शिकवणाऱ्याला कोटी, हे न्यायाधीशांच्याही नजरेतून सुटले नाही. २०२३ मध्ये टेक्सस ए. अँड एम. विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढले तेव्हा करारानुसार त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देय झाली. काम न करण्याबद्दल मिळालेली ही रक्कम आहे, हे लक्षात घ्यावे.

कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्येच कायदा करून खेळाडूला स्वतःचे नाव आणि छायाचित्र जाहिरातीसाठी वापरून कमाई करण्याचा हक्क दिला होता. १ जुलै २०२१ पासून देशभर तशी मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने आणखी एका मोठ्या समझोत्याला मान्यता दिली. माजी खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. या मर्यादेवर लक्ष ठेवण्यासाठी ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’ ही नवी संस्था उभी झाली. ६०० डॉलरहून मोठा जाहिरातीचा करार खेळाडूने नोंदवायचा, आणि तो खराच जाहिरातीसाठी आहे की पगाराचे दुसरे नाव आहे, हे तपासले जायचे.

म्हणजे काल जो गुन्हा होता तो आज व्यवहार झाला. रेजी बुशचा करंडक २०१० मध्ये परत गेला होता, तो २०२४ मध्ये त्याला पुन्हा मिळाला.

दंड ही शिक्षा की किंमत?

निर्दोष मुलांना शिक्षा नको, हे तत्त्व आता असोसिएशनने मान्य केले आहे. त्यामुळे सामन्यांची बंदी टाळून पैशाचा दंड करण्याकडे कल वाढला.

२०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठाने दोनशेहून अधिक नियमभंग केल्याचे सिद्ध झाले. त्यांत खेळाडू व त्यांच्या कुटुंबीयांना दिलेली रक्कम सुमारे ६०,००० डॉलर होती. डॅलसच्या त्या तेरा मुलांना दिलेल्या रकमेएवढीच जवळजवळ. या वेळी मात्र संघ बंद झाला नाही, हंगामाअखेरचे सामनेही गेले नाहीत. ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला, शिष्यवृत्त्या कमी झाल्या आणि प्रशिक्षकावर सहा वर्षांचे निर्बंध आले. दोन्ही प्रकरणे अगदी सारखी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. डॅलसचे विद्यापीठ पुन्हा पुन्हा पकडले गेले होते आणि तेथे वरचे लोकच सामील होते. टेनेसीने प्रशिक्षकाला स्वतःच काढले आणि चौकशीला मदत केली. तरी छत्तीस वर्षांत शिक्षेचा काटा कोठून कोठे गेला ते दिसते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनचा निर्णय आला. या खेळात प्रशिक्षक मैदानाबाहेरून हातवारे करून खेळाडूंना डाव कळवतात. सामना चालू असताना ते ओळखता आले तर ओळखावे, पण पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांना माणसे पाठवून पाहणी करण्यास १९९४ पासून मनाई आहे. हा नियम मुळात पैशासाठीच झाला होता. श्रीमंत विद्यापीठ देशभर माणसे पाठवू शकते, गरीब पाठवू शकत नाही, म्हणून कोणीच पाठवू नयेत. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने अशी माणसे पाठवून प्रतिस्पर्ध्यांचे हातवारे टिपून आणण्याची व्यवस्था लावली होती. २०२३ च्या हंगामाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिशिगनलाच मिळाले होते.

निर्णय देणाऱ्या समितीने म्हटले की दोन वर्षांची बंदी इथे योग्य ठरली असती, पण ती आजच्या खेळाडूंवर अन्याय करील. म्हणून दंड. तो सर्व मिळून २ कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज होता. दोषी कर्मचारी आणि प्रशिक्षकांवर वैयक्तिक निर्बंधही आले. अजिंक्यपद कायम राहिले.

दंड फार मोठा आहे यात शंका नाही. पण ज्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका शनिवारी लाखाहून अधिक लोक तिकीट काढून बसतात, त्याला तो परवडतो. हाच गुन्हा एखाद्या लहान कॉलेजने केला असता, तर एवढ्या दंडाने त्याचा सगळा क्रीडा विभाग बंद पडला असता. श्रीमंताला दंड ही किंमत वाटते, गरिबाला ती शिक्षा वाटते. मिशिगनच्या दंडाचा एक भाग संघाच्या खर्चाच्या १० टक्के असा ठरवला गेला, तो याच अडचणीवरचा उपाय म्हणता येईल. ऐपतीच्या प्रमाणात दंड असला तर तो सर्वांना सारखाच टोचेल, असा त्यामागचा विचार आहे.

डॅलसच्या विद्यापीठाचे पुढे काय झाले, हे वाचकांना कळायला हवे. एका मोठ्या कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळावा म्हणून त्याने नऊ वर्षे टेलिव्हिजनच्या उत्पन्नातला आपला वाटा सोडण्याची तयारी दाखवली. ती तूट भरण्यासाठी २०२३ मध्ये देणगीदारांनी एका आठवड्यात १० कोटी डॉलर उभे केले. २०२४ मध्ये संघ त्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाला आणि त्याच हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम बारा संघांत पोहोचला. १९८७ मध्ये श्रीमंत देणगीदारांच्या ६१,००० डॉलरांनी जो संघ बुडाला, त्याला श्रीमंत देणगीदारांच्याच १० कोटींनी वर काढले. या वेळी त्यात बेकायदा काही नव्हते.

वर्गात चर्चेसाठी

आमच्या मते या कहाणीतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. नियम करणारा, तो मोडणारा आणि शिक्षा करणारा एकाच घरातले असले की शिक्षा डळमळते. चौकशीला फार वेळ लागला की ती चुकीच्या माणसाच्या डोक्यावर पडते. आणि जो नियम कमाईतला वाटा काहींनाच देतो, तो चोरून मोडला जातोच. शाळेच्या आंतरवर्गीय स्पर्धेत वयाचा खोटा दाखला आणणाऱ्या संघाचे काय करायचे, हे ठरवतानाही यांतल्या पहिल्या दोन गोष्टी उपयोगी पडतील.

आठवी ते दहावीच्या वर्गांनी पुढील प्रश्नावर चर्चा करावी अशी विनंती आहे. मिशिगनच्या प्रकरणात तुम्ही समितीवर असता तर काय केले असते? बंदी घातली तर निर्दोष मुले भरडली जातात. दंड केला तर श्रीमंत विद्यापीठ सुटते. अजिंक्यपद काढून घेतले तर ते मैदानावर घाम गाळलेल्या मुलांचेही जाते. आणि काहीच केले नाही, तर त्यांच्याकडून हरलेल्या संघांना तुम्ही काय सांगाल? आपले उत्तर कारणांसह दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू. पालकांनी आणि विश्वस्तांनीही लिहिले तर आनंदच वाटेल.